न जाऊन कसं चालेल?

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर ज्या पोरांनी चौथी-पाचवीतच हाताळलेला असतो, त्यांना विजेची तार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. म्हणून मी मुद्दाम तसंच वाक्य फळ्यावर लिहिलं होतं : ‘यू मस्ट नॉट टच द वायर.’ बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातली शाळा, नववीचा वर्ग, श्रावणातली दुपार. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि त्यानं ठासून अर्थ सांगितला, ‘‘तारले हात लावा लागत नाही.’’

वर्ग हसला. मीही हसलो. पोरगं मात्र हटेना. ‘‘सर, मस्ट म्हंजे लागते. तुम्हीच सांगतलं. नॉट म्हंजे नाही. मंग लागत नाही.’’ बेरीज बिनचूक होती. तारेला हात लावायची गरज नाही, पण वाटलं तर लाव, एवढी मोकळीक त्या उत्तरात शिल्लक राहत होती आणि ती जिवावर बेतली असती. पण त्याचं चुकलं कुठं, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. ‘मस्ट नॉट म्हणजे नये, पाठ कर’ असं म्हणून मी पुढच्या वाक्याकडे वळलो. शिक्षक ‘पाठ कर’ म्हणाला की समजावं, त्याची स्वतःची तयारी तिथं संपली आहे.

पुढच्या पानांतलं छोटेखानी पुस्तक त्या उत्तराचं देणं फेडण्यासाठी लिहिलं आहे. विषय एवढाच : इंग्रजीतल्या मस्ट, नीड, मे, कॅन, शुड या साहाय्यकारी क्रियापदांजवळ नकार आला, की तो नेमका कशाला लागतो? सक्तीला लागतो, की सक्ती ज्या कामाची आहे त्या कामाला? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आलं. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातल्या आजच्या मुलांनी ही क्रियापदं आमच्यापेक्षा किती तरी लवकर ऐकलेली असतात. तरी नववी-दहावीच्या उत्तरपत्रिकांत घोटाळा तोच, तिथंच. वर्षं वाढवून तो जात नाही, कारण तो शब्दसंग्रहाचा नाही.

मूळ प्रश्न इंग्रजीत जाण्याआधी घरातच सोडवू. गावात लग्न आहे, पत्रिका आली आहे, आणि ओट्यावर बसून घरातली माणसं ठरवताहेत. ‘गेलं तरी चालेल.’ म्हणजे जायला मोकळीक आहे. ‘नाही गेलं तरी चालेल.’ म्हणजे जायची सक्ती नाही. ‘जाऊन चालणार नाही.’ म्हणजे बंदी. भाऊबंदकीत काही बिनसलं असेल. आणि ‘न जाऊन कसं चालेल?’ म्हणजे जावंच लागणार, आहेर घेऊन. क्रियापद एकच, चालणे. नकार पहिल्या वाक्यात नाही. दुसऱ्यात तो जाण्याला लागलाय, तिसऱ्यात चालण्याला, आणि चौथ्यात दोन्हीकडे, कारण तिथला प्रश्नच ‘चालणार नाही’ असं सांगतो. मोकळीक, सूट, बंदी, सक्ती अशी चारही घरं एका क्रियापदानं भरली. तर्कशास्त्रवाले यासाठी चौकोन काढतात, कोपऱ्यांना नावं देतात. आपल्याकडे तो चौकोन रोज ओट्यावर मांडला जातो आणि कुणाचा गोंधळ होत नाही, कारण नकार कुठं बसलाय ते कानाला स्पष्ट ऐकू येतं.

इंग्रजीत हे ऐकू येत नाही. तिथं ‘नॉट’ची जागा व्याकरणानं जवळजवळ बांधून टाकली आहे : साहाय्यकाच्या लगेच मागे. मस्ट नॉट, नीड नॉट, मे नॉट, कॅनॉट, सगळीकडे तो एकाच खुंटीला. जागा एक, पण अर्थ लागतो तो कधी क्रियापदाच्या अलीकडे, कधी पलीकडे. ‘यू मस्ट नॉट गो’ यात नकार जाण्याला आहे : न जाणं सक्तीचं. ‘यू नीड नॉट गो’ यात नकार गरजेला आहे : जाणं सक्तीचं नाही. लिहिताना दोन्ही वाक्यांचा सांगाडा एक. फरक प्रत्येक क्रियापदाच्या स्वभावात दडलेला, आणि तो नुसता बघून ओळखता येत नाही. ‘डोन्ट हॅव टू’ त्यातल्या त्यात सरळ, कारण तिथं नकार ‘हॅव टू’च्या आधीच येऊन बसतो. म्हणून मुलांना मी आधी ‘डोन्ट हॅव टू’ देतो. पाठ्यपुस्तकांचा क्रम उलटा असतो. तो बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मग ‘मस्ट’चंच असं का? आमच्या पोराच्या बेरजेत चूक काय होती? उत्तर जुन्या इंग्रजीत सापडतं. ‘मस्ट’ हे आजचं सक्तीचं क्रियापद मूळचं सक्तीचं नव्हेच. जुन्या इंग्रजीत परवानगी असणं, मुभा असणं या अर्थाचं एक क्रियापद होतं, आणि ‘मस्ट’ हे त्याच्या भूतकाळाच्या रूपातून आलं. म्हणजे त्याच्या खापरपणज्याला नकार लागला की अर्थ व्हायचा ‘मुभा नाही’. मुभा नाही म्हणजे बंदी. पुढे होकारातला ‘मस्ट’ मुभेवरून सक्तीकडे सरकला, पण नकारातला ‘मस्ट नॉट’ जिथं होता तिथंच, बंदीवर, उभा राहिला. थोडक्यात, ‘मस्ट’चं मराठी ‘लागते’ आहे हे खरं, पण ‘मस्ट नॉट’चं मराठी ‘लागत नाही’ नसून ‘चालणार नाही’ आहे. पोराची बेरीज बरोबर होती. आम्ही त्याला आकडा चुकीचा दिला होता.

जर्मन मुलगा त्याच्या बाजूनं उभा राहिला असता. इंग्रजी ‘मस्ट’चं जर्मन भावंड म्हणजे ‘म्युसन’. त्याला तिथं नकार लागला की आजचा अर्थ होतो ‘गरज नाही’, अगदी ‘लागत नाही’. बंदीसाठी जर्मनमध्ये परवानगीचं वेगळं क्रियापद घ्यावं लागतं. त्यामुळे इंग्रजी शिकणारा जर्मन आणि वऱ्हाडी पोर एकाच दगडाला ठेचकाळतात. एका आजीची दोन नातवंडं, आणि नकारानं दोघांना दोन वाटांना लावलं.

‘मे’ची गंमत आणखी वाईट. ‘व्हिजिटर्स मे नॉट एंटर’ म्हणजे बंदी : आत येऊन चालणार नाही. ‘द ऑफिस मे नॉट बी ओपन’ म्हणजे शंका : उघडं नसेलही. पहिल्यात नकार मुभेला, दुसऱ्यात उघडं असण्याला. खुंटी तीच, शब्दही तेच. एकदा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातले एक शेतकरी ओळखीनं घरी आले. पीकविम्याबद्दलचं इंग्रजी पत्र हातात, त्यात मधोमध ‘मे नॉट बी कन्सिडर्ड’. ‘‘गुरुजी, भेटन का नाई भेटन तेवढं सांगा.’’ मी पत्र दोनदा वाचलं. दावा विचारात घेतला जाणार नाही, की कदाचित घेतला जाणार नाही? लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असेल असं वाटलं नाही. अशा वेळी व्याकरण कामाला येत नाही. ज्यानं पत्र धाडलं त्याला गाठावं लागतं. त्याला गाठायला त्यांना एक महिना आणि चार खेपा लागल्या.

‘कॅन’चं त्या मानानं सरळ. ‘कॅनॉट’ एकत्र लिहिलं की नकार शक्यतेला, येत नाही किंवा जमत नाही. पण बोलताना कुणी ‘यू कॅन’ म्हणून क्षणभर थांबलं आणि मग ‘नॉट गो’ म्हणालं, तर अर्थ फिरतो : न जाण्याचीही तुला मुभा आहे. त्या एका श्वासात नकार खुंटीवरून उतरून पलीकडे जाऊन बसतो. ‘शुड नॉट’ मात्र आपल्या ‘नये’सारखाच वागतो, त्यावर पानं खर्च केलेली नाहीत.

‘नये’ हा शब्द मात्र पानं खर्च करण्याजोगा आहे. एसटीत बसलं की समोर पाटी असते, चालकाशी बोलू नये. थुंकू नये. खिडकीबाहेर हात काढू नये. हा ‘नये’ म्हणजे ‘न’ आणि ‘ये’, येणे या क्रियापदाचा नकार. ‘कामा नये’ उकलून पाहा : कामास न ये, कामाला येत नाही. आता त्याच येण्याला नकार मागून लावा : बोलता येत नाही. ‘बोलता येत नाही’ म्हणजे असमर्थता किंवा अडचण. ‘बोलू नये’ म्हणजे अनुचित. क्रियापद तेच येणे, नकार तोच. ‘न’ पुढे चिकटून मुरला तेव्हा एक अर्थ, मागून सुटा आला तेव्हा दुसरा. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत अनियमित किंवा गौण क्रियापदांची एक छोटी यादी असते : आहे, नाही, पाहिजे, नको, नव्हे, नये, नलगे. स्पर्धा परीक्षेची मुलं ती घोकतात. घोकताना कुणाच्या लक्षात येत नाही, की त्या सातांतली पाच नकाराची आहेत. मराठीनं नकार क्रियापदात एवढा जिरवलाय, की तिची अनियमित क्रियापदं काढायला गेलो तर बहुतेक नकारच हाती लागतात.

यादीतला शेवटचा ‘नलगे’ बोलीतून गेला, अभंगांतून तेवढा कानावर येतो. पण तो म्हणजे ‘न लगे’, लागत नाही, नेमका इंग्रजीतला ‘नीड नॉट’. आणि इथं ‘नये’च्या उलट घडलंय : न पुढे असो की मागे, नलगे आणि लागत नाही यांचा अर्थ एकच राहिला. का, याचं सोपं उत्तर माझ्यापाशी आहे असं मी म्हणणार नाही. वऱ्हाडात हे लागणं अजून ठणठणीत आहे. ‘मले जा लागते’, ‘तुले या लागत नाही’ हे घाटावर मेहकर-लोणारकडेही ऐकू येतं आणि घाटाखाली शेगाव-नांदुऱ्याकडेही. प्रमाण मराठीतल्या ‘जावे लागते’मधलं ‘जावे’ तिथं एका अक्षरात उरकतं. वर्गात मी हेच रूप वापरतो, आणि ‘गावंढळ बोलता’ म्हणून नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांना या पुस्तकात एक अख्खं प्रकरण अर्पण केलेलं आहे.

मराठीत सगळं लख्ख आहे असंही समजू नका. ‘नको’ घ्या. रविवारी रात्री पोरगं उड्या मारत सांगतं, ‘‘उद्या शाळेत जायला नको!’’ इथं गरजच नाही, सुटका आहे. आणि वडीलधारी व्यक्ती म्हणते, ‘‘त्यानं असं बोलायला नको.’’ इथं गरज नसल्याची बातमी नाही, नापसंती आहे. एकाच ‘नको’त ‘नीड नॉट’ही आणि ‘शुड नॉट’ही. म्हणजे इंग्रजीला ज्या गोंधळाबद्दल नावं ठेवतो, तो आपल्याही घरात आहे; फक्त त्यात आपण वाढलो म्हणून टोचत नाही. घाटाखाली त्याचा ‘नोको’ झाला तरी गोंधळ तोच. शिवाय घरातली म्हातारी माणसं बंदी घालताना यातलं काहीच वापरत नाहीत. ‘देवाच्या दारात खोटं बोलत नसतात.’ वरवर पाहता ही नुसती माहिती आहे, लोक काय करत नसतात याची. ती ऐकून खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही.

आता थोडं लांब जाऊ, पण फार नाही, पैठणपर्यंत. ‘न’ नक्की कशाला लावायचा हा प्रश्न वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी शतकानुशतकं लढवला आणि तोही विधिवाक्यांच्या संदर्भात, म्हणजे आपल्याच विषयात. सतराव्या शतकातल्या आपदेवाचा ‘मीमांसान्यायप्रकाश’ हा या शास्त्राचा नावाजलेला ग्रंथ. त्याच्या घराण्याचं नातं पैठणच्या एकनाथांशी सांगितलं जातं. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९२९ साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्या परंपरेत दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतात. एक : कलंज खाऊ नये. विषारी बाणानं मारलेल्या जनावराचं मांस असा कलंजचा एक अर्थ सांगतात. दुसरं : उगवत्या सूर्याकडे पाहू नये. मराठीत दोन्हींत ‘नये’ आहे आणि संस्कृतातही रचना एकच. पण मीमांसक म्हणतात, ‘खावे’ या रूपात दोन भाग आहेत, खाण्याची क्रिया सांगणारा धातू आणि ‘कर’ म्हणून ढकलणारा प्रत्यय. कलंजाच्या वाक्यात न लागतो तो प्रत्ययाला. सूर्याच्या वाक्यात तो लागतो धातूला, कारण ते वाक्य ब्रह्मचाऱ्याच्या व्रतांच्या यादीत येतं आणि व्रत म्हटलं की काहीतरी करायचं असतं. म्हणून तिथं अर्थ होतो : ‘न पाहण्याचा’ संकल्प कर. पहिल्याला प्रतिषेध म्हणतात, दुसऱ्याला पर्युदास.

आमच्या पोराच्या दृष्टीनं खरी गोम पुढे आहे. न प्रत्ययाला लागला, म्हणजे ढकलण्याला लागला, तर नुसतं ‘ढकलत नाही’ एवढंच उरायला हवं. खा किंवा नको खाऊ, शास्त्राला देणंघेणं नाही. ‘लागत नाही’ची बेरीज तीच. मीमांसक मात्र म्हणतात की न ज्याला जोडला जातो त्याच्या विरुद्धाचा बोध करून देतो. ढकलण्याचं विरुद्ध म्हणजे ढकलणं थांबवणं नव्हे, मागे खेचणं. त्याला त्यांनी शब्द दिला, निवर्तना. ‘मस्ट नॉट’ जे करतो ते हेच : सक्ती उचलून घेत नाही, तिची दिशा फिरवतो. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनंही या प्रश्नाला हात घातला होता. ‘असणं शक्य आहे’ याचा नकार ‘नसणं शक्य आहे’ असा होत नाही, ‘असणं शक्य नाही’ असा होतो, हे त्यानं वाक्यार्थावरच्या आपल्या ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात झगडून मांडलं. पण त्याचा रोख शक्यतेकडे जास्त. आज्ञेतल्या नकाराची चिरफाड मीमांसकांइतकी मला तरी दुसरीकडे आढळली नाही. इंग्रजीच्या वर्गात त्यांचं नाव कुणी घेत नाही, याचं नवल आणि थोडा रागही आहे.

शक्यतेचं उदाहरण आपल्या जिल्ह्यात शोधायचं तर जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. गोलात धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात झालेले बदल पाहून पीकपाण्याचं भाकीत. त्या भाकिताच्या खरेखोटेपणावर वाद आहेत आणि विज्ञानाच्या बाजूनं माझं मत ठाम आहे. पण भाषा ऐकायला मी एकदा मुद्दाम गेलो होतो. अनिश्चितता सांगायला तिथं ‘मोघम’ हा अगदी नेटका शब्द चालतो. गर्दीतली माणसं परतताना आपापसांत जे बोलतात, त्यात आपलं पुढचं प्रकरण आयतं सापडतं. ‘आषाढात पाऊस नसन.’ ‘आषाढात पाऊस असनार नाही.’ ‘आषाढात पाऊस नसू शकते.’ पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात खात्री, तिसऱ्यात नुसती धास्ती. आणि ‘पाऊस असूच शकत नाही’ म्हणाल तर लोक तुमच्याकडे वळून पाहतील. नसणे हे स्वतंत्र क्रियापद मराठीजवळ असल्यामुळे नकार शक्यतेच्या आत ठेवणं आपल्याला सहज जमतं : नसू शकतो. बाहेर ठेवायचा तर असू शकत नाही. इंग्रजीला त्यासाठी साहाय्यकच बदलावा लागतो. आत हवा तर ‘मे नॉट बी’, बाहेर हवा तर ‘कान्ट बी’. म्हणूनच ‘ही मस्ट बी ॲट होम’ याचा उलटा अंदाज ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘ही कान्ट बी ॲट होम’ असा होतो. अमेरिकेत ‘मस्ट नॉट बी’ही चालतं, पण आपल्या परीक्षकांना ते पटवायला जाऊ नका.

नकाराची जागा चुकली तर कायद्यात काय होतं, यावर एक प्रकरण आहे. त्यातलं एकच उदाहरण इथं देतो. संविधानाच्या अनुच्छेद २० मधला तिसरा खंड आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देतो. इंग्रजी पाठात नकार वाक्याच्या अगदी तोंडाशी आहे, ‘नो पर्सन’ला चिकटलेला, पण त्याचा रोख सक्तीवर आहे. साक्ष द्यायला लावता येणार नाही, एवढंच. ‘साक्ष देता येणार नाही’ असा अर्थ कुणी केला तर आरोपीचा हक्क काढून घेऊन त्याच्या जागी बंदी बसेल. आरोपी स्वखुशीनं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. ‘लागत नाही’ आणि ‘चालणार नाही’ यांच्यातलं अंतर इथं एका माणसाच्या तोंडावरचा हात आहे की नाही, इतकं मोठं आहे. जाता जाता : ‘शॅल नॉट’चं आपल्या कायद्याच्या मराठीत ‘करणार नाही’ होतं आणि ते मला नेहमी हुकमाऐवजी कुणीतरी दिलेल्या वचनासारखं ऐकू येतं.

पुस्तक कसं वापरावं, याबद्दल दोन शब्द. प्रत्येक इंग्रजी वाक्याचा अर्थ आधी ‘चालेल’च्या चार घरांपैकी एकात टाकायचा, मगच त्याचं नेटकं मराठी करायचं. घर ठरण्याआधी भाषांतर करायचं नाही. घरं ठरवताना मुलांना आपल्या बोलीत बोलू द्या; ‘लावा लागत नाही’ आणि ‘लावून चालनार नाही’ यांत त्यांची कधी गल्लत होत नाही, गल्लत आपण त्यांना ‘नये’ पाठ करायला लावतो तेव्हा सुरू होते. ‘नको’ची वाक्यं शेवटी ठेवली आहेत, आणि त्यातल्या काहींना उत्तरसूचीत दोन उत्तरं दिली आहेत. ती छपाईची चूक नाही.

पहिल्या स्वाध्यायातलं पहिलं वाक्य तारेचं आहे. त्याखाली त्या मुलाचं उत्तर जसंच्या तसं छापलंय आणि पुढे प्रश्न विचारलाय : हे उत्तर कोणत्या इंग्रजी वाक्याचं बरोबर भाषांतर आहे?